मनगटावरील आरोग्यनोंदी : वाचाव्या कशा, जपाव्या कशा

मनगटावर बांधायची आरोग्यपट्टी आता केवळ महानगरांतील धावपटूंची मिरासदारी राहिलेली नाही. शाओमी कंपनीने २०१५ मध्ये आपली पहिली पट्टी भारतात आणली, तेव्हा तिची किंमत ९९९ रुपये होती. ती पावले आणि झोप यांचीच नोंद ठेवत असे. पुढे नाडीचे ठोके आले, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण आले आणि ही यंत्रे तालुक्याच्या गावांतील मोबाइलच्या दुकानांपर्यंत पोहोचली. नोंदी वाढल्या, त्या नोंदींचे पुढे काय होते आणि त्या आपल्याला स्वतंत्रपणे वाचता येतात का, याची माहिती मात्र फारशी पसरली नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. परभणी जिल्ह्यातील पालम तालुक्यातून आलेला एक तरुण पुण्यात संगणक अभियंता म्हणून काम करतो. आई-वडील गावी शेती पाहतात. वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे. मुलाने दोघांनाही पट्ट्या घेऊन दिल्या. कंपनीच्या ॲपमध्ये रंगीत आलेख दिसतात, पण त्याचा प्रश्न निराळा आहे : औषध बदलल्यानंतरच्या तीन महिन्यांत वडिलांची विश्रांतीच्या वेळची नाडी कशी बदलली? याचे उत्तर हवे तर कच्च्या नोंदी हाती याव्या लागतात. त्या मिळवण्याची वाट म्हणजे प्रोग्रॅमिंग लायब्ररी.

पट्टी नेमके काय मोजते?

पट्टी 'आरोग्य' मोजत नाही. ती हालचाल आणि प्रकाश मोजते. आतील त्वरणमापक हाताची हालचाल टिपतो आणि त्या लयीवरून पावलांचा अंदाज बांधला जातो. पट्टीच्या तळाशी असलेले हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते; त्यामुळे प्रत्येक ठोक्यागणिक परत येणाऱ्या प्रकाशात सूक्ष्म चढउतार होतो. त्यावरून नाडीचा वेग काढतात. प्राणवायूसाठी तांबडा आणि अवरक्त प्रकाश वापरला जातो. झोपेच्या अवस्था हा तर हालचाल आणि नाडी यांवरून केलेला तर्कच असतो.

म्हणजे लायब्ररीतून हाती येणारा प्रत्येक आकडा हा कंपनीच्या गणितातून गाळून आलेला अंदाज असतो. हे गणित बहुधा गुप्त असते आणि ते शहरी चालण्या-धावण्याच्या सवयी डोळ्यांपुढे ठेवून रचलेले असते. डोक्यावर गवताचा भारा घेऊन तो हाताने धरून चालणाऱ्या बाईचे मनगट झुलत नाही. तिची पावले कमी मोजली जाण्याची शक्यता असते. वखराची रुमणी धरून चालणाऱ्याचेही तेच. उलट कापूस वेचताना शरीर जवळजवळ जागीच असते आणि हात मात्र सतत हलत असतात. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात नाडीचा वेग केवळ उष्म्यानेही वाढतो. आकड्यामागचे जगणे ठाऊक नसेल तर आकडा दिशाभूल करतो.

नोंदींकडे जाणारे तीन दरवाजे

पट्टीतील नोंद ब्लूटूथद्वारे फोनमध्ये जाते आणि फोनमधून इंटरनेटमार्गे कंपनीच्या सर्व्हरवर. या प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर एक दरवाजा आहे.

पहिला दरवाजा कंपनीच्या सर्व्हरचा. २००७ मध्ये जेम्स पार्क आणि एरिक फ्रीडमन यांनी स्थापन केलेल्या फिटबिट कंपनीने बाहेरच्या प्रोग्रॅमरांसाठी वेब एपीआय खुले केले आणि त्याभोवती अनेक लायब्ऱ्या तयार झाल्या. पायथन भाषेतील 'पायथन-फिटबिट' ही त्यांपैकी एक परिचित लायब्ररी. एपीआय म्हणजे सर्व्हरला ठरावीक नमुन्यात प्रश्न विचारण्याची आणि ठरावीक नमुन्यात उत्तर मिळवण्याची सोय.

दुसरा दरवाजा फोनमधील भांडाराचा. ॲपलने २०१४ मध्ये 'हेल्थकिट' आणले. गूगलने २०२२ मध्ये 'हेल्थ कनेक्ट' जाहीर केले आणि २०२३ मधील अँड्रॉइड १४ पासून ते फोनच्या प्रणालीचाच भाग झाले. वेगवेगळ्या ॲपच्या नोंदी येथे फोनमध्येच एकत्र ठेवल्या जातात आणि कोणत्या ॲपने कोणत्या प्रकारची नोंद वाचावी, हे फोनचा मालक प्रकारागणिक ठरवतो.

तिसरा दरवाजा थेट पट्टीचा. ब्लूटूथच्या प्रमाणित नियमांत हृदयगतीसाठी एक सामाईक सेवा ठरवलेली आहे. छातीला बांधायचे बहुतेक पट्टे ती पाळतात. त्यामुळे पायथनमधील 'ब्लीक'सारख्या लायब्ररीने ठोके सरळ संगणकावर वाचता येतात. मनगटी पट्ट्या मात्र बहुधा स्वतःची खासगी भाषा बोलतात. त्यांतील अनेकांची भाषा 'गॅजेटब्रिज' या मुक्तस्रोत अँड्रॉइड ॲपने उलगडली आहे. तेथे नोंदी कंपनीकडे न जाता फोनमध्येच राहतात. पट्टी घेण्यापूर्वी यांपैकी कोणता दरवाजा तिला आहे, हे पाहावे. पुष्कळ स्वस्त पट्ट्यांना बाहेरच्या प्रोग्रॅमरांसाठी खुले एपीआय नसते.

लायब्ररी आणि किल्ली

लायब्ररी म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञावलींचे भांडार. सर्व्हरशी बोलणे, उत्तराची उकल करणे, चूक झाल्यास कळवणे ही रटाळ कामे ती करते. आपल्याला 'अमुक दिवसाच्या नाडीच्या नोंदी दे' एवढेच सांगावे लागते. उत्तर बहुधा जेसन या मजकूरस्वरूपात येते आणि ते वेळ व आकडा अशा तक्त्यात सहज बसवता येते.

खरी मेख आहे ती परवानगीत. येथे 'ओऑथ २.०' ही पद्धत वापरली जाते. तिचे प्रमाणपत्रक ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचे तत्त्व साधे आहे : घराची मूळ किल्ली, म्हणजे पासवर्ड, कोणालाही द्यायचा नाही. पट्टीच्या मालकाने कंपनीच्या पानावर स्वतः प्रवेश करायचा आणि कोणत्या नोंदी दाखवायच्या ते निवडायचे : पावले, नाडी, झोप, वजन, ठिकाण वगैरे. त्यानंतर आपल्या प्रोग्रॅमला टोकन मिळते. हे टोकन म्हणजे ठरावीक खोल्यांपुरती आणि ठरावीक काळापुरती दिलेली किल्ली. फिटबिटच्या वेब एपीआयमध्ये या टोकनाची नेहमीची मुदत ८ तास ठेवली गेली. मुदत संपल्यावर दुसऱ्या, नूतनीकरणाच्या टोकनाने नवी जोडी मिळवायची आणि ती लगेच जपून ठेवायची, कारण जुने नूतनीकरण-टोकन एकदाच चालते. नवशिक्यांचा प्रोग्रॅम पहिल्या दिवशी चालतो आणि दुसऱ्या दिवशी बंद पडतो, तो बहुधा याच कारणाने. एका वापरकर्त्यामागे तासाला १५० विचारणा, अशीही मर्यादा तेथे घातलेली होती. म्हणून रोजच्या नोंदी एकदाच आणून आपल्याकडे साठवणे शहाणपणाचे.

टोकन पासवर्डइतकेच जपावे. प्रोग्रॅमच्या मजकुरात ते लिहून तो मजकूर महाजालावर सर्वांसाठी ठेवणे म्हणजे किल्ली दारालाच लटकवून गावाला जाणे होय.

आकडे हाती आल्यावर

पहिली खबरदारी रिकाम्या जागांची. पट्टी चार्जिंगला होती किंवा शेतात जाताना काढून ठेवली होती, तर त्या वेळची नोंद नसते. नोंद नसणे म्हणजे शून्य नव्हे. रिकाम्या जागी शून्य भरून सरासरी काढली, तर धडधाकट माणूसही आजारी दिसू लागतो.

दुसरी खबरदारी वेळेची. काही प्रणाली जागतिक प्रमाणवेळेत नोंद ठेवतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. पहाटे ५ वाजताची नोंद त्या वेळेनुसार आदल्या रात्री साडेअकराची ठरते. हे रूपांतर विसरले तर एका रात्रीची झोप दोन तारखांत विभागली जाते.

तिसरी खबरदारी निष्कर्षांची. एका व्यक्तीच्या नोंदी तिच्याच जुन्या नोंदींशी ताडून पाहाव्यात, शेजाऱ्याच्या नव्हे. एखाद्या दिवसाच्या उसळीपेक्षा काही आठवड्यांचा कल अधिक सांगतो. रोज दहा हजार पावलांचा प्रसिद्ध आकडाही वैद्यकातून आलेला नाही. जपानच्या यामासा कंपनीने १९६५ मध्ये विकायला काढलेल्या पावलेमापकाच्या नावातून तो रूढ झाला. औषधाचे प्रमाण बदलण्याचा निर्णय तर पट्टीवरून कधीच घेऊ नये. तयार केलेला तक्ता डॉक्टरांपुढे ठेवावा. तो तपासणीला पूरक आहे, पर्याय नव्हे.

दरवाजे बंदही होतात

हे सारे दरवाजे दुसऱ्याच्या भिंतीत आहेत. पट्ट्या बनवणारी जॉबोन कंपनी २०१७ मध्ये अवसायनात गेली. 'पेबल' घड्याळांची मालमत्ता २०१६ मध्ये फिटबिटने घेतली आणि त्या घड्याळांच्या सेवा २०१८ मध्ये थांबवल्या. फिटबिट स्वतः जानेवारी २०२१ मध्ये गूगलच्या मालकीची झाली. गूगल फिटच्या एपीआयसाठी नव्या प्रोग्रॅमरांची नोंदणी १ मे २०२४ पासून बंद करण्यात आली. लायब्ररी उत्तम असली, तरी समोरचा दरवाजा बुजवला गेला की ती निरुपयोगी होते. शिवाय पुष्कळ लायब्ऱ्या स्वयंसेवक आपल्या फुरसतीत सांभाळत असतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी त्या वेळची अधिकृत सूचनापत्रे वाचावीत आणि नोंदींची प्रत वेळोवेळी काढून ठेवावी. ॲपलच्या 'हेल्थ'मधून सर्व नोंदी एका फाइलमध्ये काढता येतात. गूगलही आपल्या 'टेकआउट' सेवेतून खात्यावरील माहितीची प्रत देते. यासाठी प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही.

नोंदी कोणाच्या?

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्ण हवी आणि ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे हवे, असे हा कायदा सांगतो. आरोग्यविषयक कागदपत्रांसाठी केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू केलेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्येही १४ अंकी 'आभा' क्रमांकाशी जोडलेल्या नोंदी रुग्णाच्या संमतीनेच पुढे जाव्यात, अशी रचना आहे.

मात्र या कायद्यात एक अपवाद आहे. व्यक्तीने केवळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला तो लागू होत नाही. म्हणजे वरच्या उदाहरणातील मुलाने आई-वडिलांच्या नोंदी घरापुरत्या वाचल्या, तर त्याच्यावर या कायद्याचे बंधन नाही. बंधन आहे ते सचोटीचे. वडिलांच्या फोनवर त्यानेच खाते उघडले, संमतीचे इंग्रजी पान त्यानेच वाचले आणि 'मान्य' हे बटणही त्यानेच दाबले, तर ओऑथच्या लेखी परवानगी मिळाली. वडिलांनी ती दिली असे म्हणता येणार नाही. झोप किती झाली, रात्री किती वेळा उठणे झाले, दुपारी घराबाहेर कोण किती वेळ होते, हे सारे या आकड्यांत उघडे पडते. ठिकाणाच्या नोंदी तर आणखी नाजूक. स्ट्रॅव्हा या ॲपने प्रसिद्ध केलेल्या धावमार्गांच्या नकाशावरून दुर्गम भागांतील लष्करी तळांच्या खुणा ओळखता येतात, हे जानेवारी २०१८ मध्ये जगापुढे आले. त्या नकाशात एकाही धावपटूचे नाव नव्हते.

घरातील ज्येष्ठांसाठी अशी व्यवस्था करणाऱ्यांनी म्हणूनच काही पथ्ये पाळावीत. कोणत्या नोंदी पुण्या-मुंबईत दिसणार, हे त्यांना मराठीत, त्यांच्या शब्दांत सांगावे. प्रश्न नाडीचा असेल तर केवळ नाडीची परवानगी मागावी. ठिकाणाची मागू नये. परवानगी मागे कशी घ्यायची, ते त्यांच्या फोनवर त्यांच्याच हाताने एकदा करवून दाखवावे. काढलेला तक्ता आधी त्यांच्या हाती द्यावा, मग डॉक्टरांच्या. आणि त्यांनी पट्टी काढून ठेवली, तर त्या रिकाम्या जागेलाही उत्तर समजावे.