न पाहिलेल्या भागांची थोरवी

१९८३ सालच्या ईस्टरच्या सुटीत इंग्लंडमधील लाँगलीट येथील जुन्या वाड्याच्या आवारात ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेचा विसाव्या वर्षाचा उत्सव भरला होता. या मालिकेतील कथा घरगुती चित्रफितींच्या रूपाने विकण्याचा बीबीसीचा विचार चालू होता. तेव्हा जमलेल्या रसिकांनाच विचारण्यात आले की, पहिली कथा कोणती हवी? त्यांचा कौल पडला तो १९६७ साली प्रक्षेपित झालेल्या ‘द टूम्ब ऑफ द सायबरमेन’ या कथेला. अडचण एवढीच होती की, तिची एकही प्रत बीबीसीच्या संग्रहात उरलेली नव्हती. अखेर नावात सायबरमेन असलेली १९७५ ची दुसरीच कथा चित्रफितीवर निघाली, अशी हकिगत सांगतात. सोळा वर्षांपूर्वी एकदा दिसून गेलेल्या, आणि कौल देणाऱ्यांपैकी कित्येकांनी मुळीच न पाहिलेल्या कथेला अग्रपूजेचा मान मिळावा, हे प्रथमदर्शनी विचित्रच वाटते. पण या रसिकांच्या आवडीनिवडीचा इतिहास पाहिला, म्हणजे त्यातील संगती ध्यानात येते.

ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. निर्मात्या होत्या व्हेरिटी लँबर्ट, आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते लखनौ येथे १९३८ साली जन्मलेले वारिस हुसेन. पोलिसांच्या निळ्या पेटीसारख्या दिसणाऱ्या यानातून स्थलकालात भटकणारा ‘डॉक्टर’ हा तिचा नायक. १९६६ साली विल्यम हार्टनेल हे वृद्ध नट बाजूला झाले, तेव्हा नायक देह पालटतो अशी युक्ती लेखकांनी योजली आणि पॅट्रिक ट्राउटन त्या जागी आले. मालिकेला दीर्घायुष्य लाभले ते या युक्तीमुळे, आणि रसिकांना कायमचा वाद मिळाला तोही तिच्यामुळेच. कोणाचा डॉक्टर श्रेष्ठ, कोणता हंगाम सरस, कोणता भाग अविस्मरणीय, ही तुलना या मालिकेच्या रचनेतच पेरलेली आहे.

परंतु तुलनेसाठी दोन्ही वस्तू समोर असाव्या लागतात, आणि येथे तर निम्मा पुरावाच पुसला गेला होता. त्या काळी चित्रफिती महाग असत व पुसून पुन्हा वापरता येत. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. पुढे रंगीत चित्रण आल्यावर कृष्णधवल भागांना परदेशांतही गिऱ्हाईक उरले नाही. तांत्रिक विभागाने फिती पुसल्या, विक्री विभागाने परदेशांसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रती नष्ट केल्या, आणि मूळ वस्तू दुसऱ्या विभागाकडे असेलच असे प्रत्येक विभाग धरून चालला. दप्तराचा अनुभव असणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित वाटू नये! १९७८ साली हा संहार थांबला. पुढे शोधाशोध होऊन बरेच भाग परत मिळाले. तरीही साठच्या दशकातील २५३ भागांपैकी नव्वदांहून अधिक भाग गहाळच राहिले.

सुदैवाने काही मुलांनी दूरचित्रवाणी संचासमोर टेपरेकॉर्डर ठेवून संवाद टिपून घेतले होते. गहाळ झालेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी आज उपलब्ध आहे तो अशा घरगुती उद्योगामुळे. जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार पडद्यावरील दृश्यांची छायाचित्रे काढून नटांना व दिग्दर्शकांना विकत. त्यांतील पुष्कळ टिकून राहिली. सत्तरच्या दशकापासून या कथांच्या कादंबऱ्याही नियमितपणे निघू लागल्या. अशा आवाजावरून, छायाचित्रांवरून, वाचनावरून आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणींवरून एका नव्या पिढीने न पाहिलेल्या कथांना श्रेणी लावली. कल्पनेतील पडद्यावर खर्चाची काटकसर नसते, हे येथे विसरता कामा नये. जुने भाग उत्तम होते, ही तक्रार ऐकणारे ऐंशीच्या दशकातील निर्माते जॉन नेथन-टर्नर यांचे म्हणणे असे की, स्मृती माणसाला फसवते.

या म्हणण्याची परीक्षा लवकरच झाली. १९९१ च्या अखेरीस हाँगकाँगमधील एका दूरचित्रवाणी कंपनीकडे ‘टूम्ब’च्या चारही भागांच्या प्रती सापडल्या, आणि १९९२ साली ती कथा चित्रफितीवर विक्रीस आली. थडग्यातून बाहेर पडणारे सायबरमेन अजूनही अंगावर काटा आणत होते. पण माणसाला वर उचलणारी तारही आता दिसत होती, आणि फेकला जाणारा सायबरमॅन म्हणजे रिकामा पोशाख आहे हेही लपत नव्हते. कथा टाकाऊ ठरली नाही. फक्त देव्हाऱ्यातून खाली उतरली.

तथापि निर्माते महाशयांचे म्हणणे निम्मेच खरे. ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ या १९६७-६८ मधील सहा भागांच्या कथेचा केवळ तिसरा भाग शिल्लक होता. तो बंदिस्त खोल्यांतला, बोलघेवडा आणि मंद. त्या एका भागावरून संपूर्ण कथा नीरस, असा निकाल कित्येक वर्षे चालत आला. नायजेरियातील जोस येथे उरलेले पाचही भाग मिळाल्याचे २०१३ साली जाहीर झाले, आणि निकाल फिरला. पहिल्याच भागात समुद्रकिनारा, हॉवरक्राफ्ट आणि हेलिकॉप्टर! नायक आणि हुकूमशहा अशा दोन्ही भूमिका करणाऱ्या ट्राउटन यांच्या अभिनयाचे मोल तर तेव्हाच नीट कळले. येथे स्मृतीने फसवले नव्हते. तुटपुंज्या पुराव्याने फसवले होते.

पुरावा समोर असतानाही निर्णय पालटतो, हेही खरे. १९७६ ची ‘द डेडली असॅसिन’ ही कथा कालाधिपतींना क्षुद्र राजकारणी दाखवते म्हणून रसिक मंडळाच्या अध्यक्षांनी तिच्यावर कडाडून टीका केली होती. पुढील पिढीने तिची गणना उत्तम कथांत केली. मालिकेला वाहिलेल्या मासिकाने २०० कथांवर वाचकांचा कौल घेतला तो २००९ साली. त्यात पहिली आली ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ आणि अगदी शेवटची आली ‘द ट्विन डायलेमा’. या दोन्ही कथा १९८४ सालच्या एकाच हंगामातील, एकीमागून एक प्रक्षेपित झालेल्या! हंगामांची तुलना करणाऱ्यांनी यावर काय उत्तर द्यावे?

वारिस हुसेन यांनी १९६४ साली ‘मार्को पोलो’ या सात भागांच्या कथेचे बहुतेक भाग दिग्दर्शित केले. कुबलाईखानाच्या दरबारापर्यंतचा तो प्रवास जुने प्रेक्षक मोठ्या प्रेमाने आठवतात. त्यातील एकही भाग अद्याप हाती आलेला नाही. आवाज आहे, आणि चित्रीकरणाच्या वेळी घेतलेली काही सुंदर रंगीत छायाचित्रे आहेत. ज्या कथेचा प्रत्येक भाग प्रेक्षकांनी कृष्णधवलच पाहिला, ती आजच्या रसिकांच्या मनात उभी राहते ती रंगीत.