गणित-अध्यापनपद्धतींचे सांख्यिकीय मूल्यमापन

माध्यमिक शाळेत गणित शिकवण्याची नवी रीत जुनीपेक्षा सरस आहे का, आणि असल्यास कितीने, हे विद्यार्थ्यांच्या गुणांवरून ठरवण्याची पद्धती. पूर्वचाचणी व उत्तरचाचणी यांतली नुसती गुणवाढ येथे पुरत नाही. वर्षभरात मुले एरवीही शिकतात. शिवाय सर्वांत कमी गुण पडलेल्यांनाच नव्या वर्गात घातले, तर पुढच्या खेपेस त्यांची सरासरी आपोआप थोडी वर सरकते. मध्याकडे परतण्याचा हा कल फ्रान्सिस गॉल्टनने एकोणिसाव्या शतकात दाखवला. म्हणून तुलनागट लागतो, आणि कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते. ते शिक्षकाच्या मर्जीवर सोडले, की हौशी शिक्षकाचे श्रेय पद्धतीच्या खात्यावर जमा होते.

खरी फसगत होते ती विद्यार्थिसंख्येत. एका वर्गाला शिक्षक एकच असल्याने त्या मुलांचे गुण परस्परांपासून स्वतंत्र नसतात. ४० मुलांचे १० वर्ग घेतले आणि वर्गांतर्गत सहसंबंध ०.२ असला, तर १ + ३९ × ०.२ = ८.८ या आकड्याने ४०० ला भागावे लागते. हाती उरते जेमतेम ४५ स्वतंत्र विद्यार्थ्यांइतकी माहिती. हे विसरून टी-चाचणी लावली, की किरकोळ फरकही सार्थ भासतो. यावर बहुस्तरीय प्रतिमाने वापरतात. फरक किती मोठा, हे मात्र सार्थकतेवरून कळत नाही. तो प्रमाण विचलनाच्या पटीत सांगतात.

अमेरिकेतील रँड संस्थेने ‘कॉग्निटिव्ह ट्यूटर’ या संगणकाधारित बीजगणित अभ्यासक्रमाची पाहणी ७ राज्यांतील १४७ शाळांत केली. सारख्या शाळांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतली एक शाळा यदृच्छेने निवडली होती. पहिल्या वर्षी परिणाम दिसला नाही. दुसऱ्या वर्षी हायस्कुलांत तो सुमारे ०.२० प्रमाण विचलन भरला, म्हणजे ५० व्या शततमकावरचा विद्यार्थी ५८ व्या शततमकापर्यंत गेला. अभ्यास वर्षभरातच आवरता घेतला असता, तर अभ्यासक्रम निकालात निघाला असता.

कोणती चाचणी घेतली, यावरही निष्कर्ष पालटतो. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या शिकवणीच्या सॉफ्टवेअरच्या केंद्रांत प्रवेशासाठी ६१९ विद्यार्थ्यांत सोडत काढली गेली. सुमारे साडेचार महिन्यांनी स्वतंत्र चाचणीत सोडत लागलेल्यांची गणितातली आघाडी ०.३७ प्रमाण विचलन निघाली. शाळेच्या गणिताच्या परीक्षेत मात्र लक्षणीय वाढ नव्हती. बरीच मुले आपल्या इयत्तेच्या कित्येक वर्षे मागे होती. सॉफ्टवेअर त्यांना त्यांच्या पातळीवरचे शिकवत होते, तर शाळेची प्रश्नपत्रिका इयत्तेच्या अभ्यासक्रमाला धरून होती.