चार मिनिटांची तगमग

घाटनांदूरहून तुमच्या कानापर्यंत आलेला आजचा भाग एका छोट्या फिल्मबद्दल आहे. लांबी जेमतेम चार मिनिटं. रंग नाही, गोष्ट नाही. पलंगावर एक तरुण बाई आहे. ती चादर घट्ट धरते, कूस बदलते, अंग आखडतं, सैल पडतं, पुन्हा आखडतं. बस्स, एवढंच.

साल १९६९, शहर मुंबई. फिल्म केली होती २३ वर्षांच्या नलिनी मालानी यांनी. नाव 'ओनॅनिझम', म्हणजे सरळ मराठीत हस्तमैथुन. गंमत बघा, हा शब्द बायबलमधल्या ओनान नावाच्या पुरुषावरून आलाय. मालानींनी तो एका बाईच्या फिल्मला दिला.

त्या काळी आपल्या सिनेमात चुंबन दाखवायचं तर दोन फुलं एकमेकांवर टेकवायचे. पडद्यावरची बाई नाचायची, रडायची, पण कुणासाठी तरी. इथे फ्रेममध्ये दुसरं कुणीच नाही. तिची तगमग फक्त तिचीच आहे.

साध्या हालचालीवर फिल्म करणाऱ्या मालानी एकट्या नव्हत्या. १९६६ मध्ये अमेरिकेत नृत्यकार इव्हॉन रेनर ऑपरेशननंतर हॉस्पिटलात पडून होत्या. नाचता येत नव्हतं, म्हणून नुसती हाताची बोटं हलवली. त्यातून 'हँड मूव्ही' तयार झाली. पुढे १९६७-६८ मध्ये ब्रूस नॉमन स्टुडिओत जमिनीवर चौकोन आखून त्याच्या कडेनं चालत राहिला, आणि कॅमेरा चालू.

पण मुंबईतल्या नवख्या चित्रकार मुलीला कॅमेरा मिळाला कुठून? १६ एमएमचं १०० फुटांचं रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं. रीळ महाग, धुलाई महाग, आणि काय शूट झालंय ते धुऊन येईपर्यंत कळत नाही.

इथे एंट्री होते चित्रकार अकबर पदमसी यांची. १९६९ मध्ये त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशांत ते एकटेच निवांत चित्रं काढत बसले असते, तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी मुंबईत 'व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप' सुरू केलं. चित्रकार, सिनेमावाले, मनोविश्लेषक असे सगळे एकत्र, आणि साधनं सगळ्यांसाठी खुली. नुकत्याच जे. जे.मधून बाहेर पडलेल्या मालानी तिथल्या सगळ्यात लहान आणि एकट्या बाई. १९७२ पर्यंत हा प्रयोग चालला.

पदमसींनी स्वतःही फिल्म केल्या. त्यातल्या 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'ची एकुलती एक प्रिंट हरवली, ती कायमचीच. २०१६ मध्ये आशिम अहलुवालियानं म्हाताऱ्या पदमसींना सोबत घेऊन त्या हरवलेल्या फिल्मवर त्याच नावाची नवी फिल्म केली.

मालानींची फिल्म मात्र टिकली. २०१७ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरनं त्यांच्या कामाचं मोठं सिंहावलोकन भरवलं, तेव्हा त्याची सुरुवातच १९६९ पासून धरली होती. म्हणजे उधारीच्या कॅमेऱ्याचं साल.

आज गावात प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. पण कित्येक घरांत मुलीच्या फोनवर कुणाचा तरी डोळा असतोच. कॅमेरा द्यायचा, आणि मग 'काय शूट करतेस?' म्हणून डोकवायचं नाही. यातली दुसरी गोष्ट जास्त अवघड, असं मला वाटतं.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!