सुटं गाणं, बांधलेला अल्बम

कंपन्यांच्या आधाराविना गाणारा एखादा बँड नवं काही काढतो, तेव्हा बातमीत चार शब्द हटकून येतात: इंडी, सिंगल, अल्बम, रिलीज. गंमत अशी की यांतल्या एकाचाही जन्म गाण्याच्या घरातला नाही.

'अल्बम'च्या मुळाशी लॅटिन 'आल्बुस' आहे, म्हणजे पांढरा. रक्ततपासणीच्या अहवालातलं 'अल्ब्युमिन' हे त्याचंच भावंड. प्राचीन रोममध्ये सरकारी हुकूम चारचौघांना दिसावेत म्हणून पांढऱ्या केलेल्या पाटीवर लिहीत, ती पाटी म्हणजे आल्बुम. सोळाव्या शतकात जर्मन विद्यार्थी मित्रांच्या आणि गुरुजनांच्या सह्या घ्यायला वही बाळगू लागले. तिला ते 'आल्बुम आमिकोरुम', मित्रांचा अल्बम, म्हणत. पुढे अशाच कोऱ्या वहीत तिकिटं आली, फोटो आले. लग्नाचा अल्बम तर आपल्याकडे घरोघरी.

गाण्याशी त्याची गाठ पडली ती तबकडीच्या अडचणीमुळे. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. आपल्या गवयांनी ख्यालही त्या मापात बसवला, पण युरोपातली लांबलचक वाद्यरचना कशी बसणार? मग ती चार-पाच तबकड्यांवर विभागायची आणि कागदी खिशांच्या जाडजूड बाडात घालून विकायची. 1909 साली ओडिऑन कंपनीनं चायकोव्हस्कीची 'नटक्रॅकर' संगीतमाला अशीच चार तबकड्यांवर आणली. अल्बम हे नाव त्या बाडाचं होतं, संगीताचं नव्हे. 1948 मध्ये कोलंबियानं 33⅓ फेऱ्यांची लाँग-प्ले तबकडी, म्हणजे एलपी, काढली आणि एका बाजूवर वीसेक मिनिटं मावू लागली. बाड गेलं, नाव राहिलं.

पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरनं 45 फेऱ्यांची सात इंची तबकडी आणली, बाजूला एकेक गाणं. 'सिंगल' म्हणताच डोळ्यांपुढे येते ती हीच. लॅटिन 'सिंगुलुस' म्हणजे एकेकटा. मराठीत याला नेमका शब्द आहे: सुटा. सुटे पैसे, सुटी फुलं, तसं सुटं गाणं.

'रिलीज'ही याच वाटेवर भेटतो. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचं मूळ 'रेलाक्सारे', म्हणजे सैल करणं. 'रिलॅक्स' त्याचाच सख्खा भाऊ. माणसाला कैदेतून किंवा देण्यातून मोकळं करणं हा अर्थ आधीचा, गाणं बाजारात आणणं हा फार नंतरचा. आपलं 'सुटणं' आणि 'सोडणं' हिंदीच्या छूटना-छोडनाशी नातं सांगतात. हिंदीतली छुरी मराठीत सुरी होते, तसाच इथेही छचा स झाला. म्हणजे मराठीत सुटं गाणं आणि सोडलेलं गाणं एकाच कुळातलं.

'इंडी' हे 'इंडिपेंडंट'चं लाडकं रूप. लॅटिन 'पेंडेरे' म्हणजे लटकणं, तेव्हा इंडिपेंडंट म्हणजे कशालाही न लटकलेला. आपल्या 'अवलंबून'मधला 'लंब'ही लटकणाराच. 'स्वतंत्र'मधलं 'तंत्र' मात्र संस्कृतात मागावरचा ताणा. आपला ताणा आपण लावणारा तो स्वतंत्र.

मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनं जानेवारी 1977 मध्ये हेच केलं. ओळखीपाळखीतून पाचएकशे पौंड उसने घेतले, न्यू हॉर्मोन्स हे स्वतःचं लेबल काढलं आणि चार गाण्यांची 'स्पायरल स्क्रॅच' आणली. कोणतं गाणं कितव्या प्रयत्नात मुद्रित झालं आणि त्यावर मागाहून किती आवाज चढवले, हेही वेष्टणावर छापलं. मोठ्या कंपन्या जे झाकतात ते यांनी उघडं ठेवलं.

1980 मध्ये ब्रिटनमध्ये इंडी गाण्यांची वेगळी यादी निघू लागली. तिची अट एकच: वितरण मोठ्या कंपन्यांच्या हातात नको. चालीशी, गिटारशी तिला काही देणंघेणं नव्हतं. त्यामुळे काइली मिनोगची नाचती पॉप गाणीही तिथे झळकली. व्यापारातला हा शब्द पुढे एका आवाजाचं नाव झाला आणि कंपनीच्या पगारी माणसांनी घडवलेलं गाणंही इंडी म्हणवून घेऊ लागलं.

त्याचा चुलतभाऊ 'ऑल्टरनेटिव्ह' लॅटिन 'आल्टेर'वरून आला. त्याचा अर्थ दोहोंतला दुसरा. 1991 मध्ये ग्रॅमीनं या दुसऱ्यासाठी पुरस्कार सुरू केला. पहिला मान गायिका शिनेड ओकॉनरला मिळाला आणि तिनं तो नाकारला. दुसऱ्यालाही पहिल्याच्या पंक्तीत बसवलं तर तो दुसरा कशाचा, असा पेच त्या नावातच होता.

आता ना बाड आहे, ना तबकडीची बाजू. 10 जुलै 2015 पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं आणि फोनवर सगळीच गाणी सुटी. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडनं 2010 मध्ये '16/330 खजूर रोड' या अल्बमची गाणी दर महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट सोडायला घेतली. करोलबागेतल्या ज्या घरात ती मंडळी तालीम करत त्याचा पत्ता म्हणजे अल्बमचं नाव. सुटी सोडलेली गाणी कंपनीच्या पुठ्ठ्यानं नव्हे, त्या पत्त्यानं एकत्र बांधली.

म्हणून 'अल्बम'ला मराठी प्रतिशब्द शोधत बसायचं कारण नाही. तो एव्हाना आपलाच झाला आहे. 'सिंगल'साठी मात्र 'सुटं गाणं' खुशाल वापरावं. अर्थ चोख बसतो, आणि ते कोणापासून सुटलं हेही विचारता येतं.