थीकोडोंटोसॉरस
उत्तर ट्रायासिक काळातील, मागील दोन पायांवर चालणारा लहान शाकाहारी डायनोसॉर. पुढे झालेल्या अवाढव्य, लांब मानेच्या सॉरोपॉड डायनोसॉरांचा दूरचा नातलग. याचे जीवाश्म इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे चुनखडकाच्या भेगांत साचलेल्या गाळात १८३४ मध्ये सापडले. हेन्री रायली व सॅम्युएल स्टचबरी यांनी १८३६ मध्ये प्रजातीचे नामकरण केले. ‘डायनोसॉर’ ही संज्ञाच तेव्हा अस्तित्वात नव्हती. लांबी सुमारे दोन मीटर. दात पानाच्या आकाराचे, करवती कडांचे. संपूर्ण सांगाडा कधीच मिळाला नाही. सारे चित्र विखुरलेल्या हाडांवरून जुळवलेले आहे. त्यातच नामकरणाचा आधार असलेला जबडा दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये ब्रिस्टलवर झालेल्या बाँबहल्ल्यात संग्रहालयातच नष्ट झाला, ही हानी मोठीच. १९७५ मध्ये ब्रिस्टलजवळच्या टायथरिंग्टनच्या खाणीत आणखी बरीच हाडे मिळाली.