संकेतस्थळ वापरताना येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरील उपाय

शिष्यवृत्तीचा अर्ज, रेल्वेचे आरक्षण, जमिनीचा उतारा, बँकेतील खाते अशी असंख्य कामे आता प्रामुख्याने संकेतस्थळांवरून केली जातात. अशा वेळी पान न उघडणे, भरलेला अर्ज मध्येच नाहीसा होणे किंवा चूक नेमकी कोठे झाली हे न कळणे, ही केवळ गैरसोय उरत नाही. त्यापायी अर्जाची मुदत हुकते किंवा घरबसल्या होणाऱ्या कामासाठी सायबर कॅफेत पैसे मोजावे लागतात. याचा दोष बहुधा वापरकर्त्याच्या अज्ञानाला दिला जातो. प्रत्यक्षात यांतील बऱ्याच अडचणी संकेतस्थळाच्या रचनेतून निर्माण होतात आणि त्या दूर करण्याचे उपाय ज्ञात, तसेच अल्पखर्चिक आहेत.

वापरसुलभता म्हणजे काय

आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकात वापरसुलभतेच्या तीन कसोट्या सांगितल्या आहेत : वापरकर्त्याचे काम पूर्ण होते का, ते कमी श्रमांत होते का आणि त्यातून त्याचे समाधान होते का. हे मानक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले व २०१८ मध्ये सुधारण्यात आले. डॅनिश तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेली दहा तत्त्वेही आजवर आधारभूत मानली जातात. सध्या काय चालू आहे हे वापरकर्त्याला कळावे, त्याच्या परिचयाची भाषा वापरावी, चूक होण्यापूर्वीच ती टाळावी आणि मागे फिरण्याचा मार्ग खुला ठेवावा, हे त्यांतील काही मुद्दे होत.

कोविनचा धडा

रचनेतील त्रुटींची किंमत किती मोठी असू शकते, हे २०२१ मध्ये देशाने अनुभवले. १८ ते ४४ वर्षे वयोगटाच्या कोविड लसीकरणासाठी प्रारंभी कोविन पोर्टलवर वेळ आरक्षित करणे अनिवार्य होते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ रोजीच्या आदेशात या पोर्टलच्या अडचणींची नोंद घेतली. दृष्टिबाधितांसाठी कॅप्चाला ध्वनीचा पर्याय नव्हता. वय, लसीचे नाव इत्यादी निकषांनुसार केंद्रे निवडण्याची सोय त्यांना वापरता येण्याजोगी नव्हती. किती जागा उपलब्ध आहेत हे कळे, परंतु त्या कोणत्या वेळेच्या आहेत हे समजत नसे. केवळ कळफलकाच्या साहाय्याने पोर्टल हाताळता येत नव्हते. आपोआप लॉगआउट न होता वेळ निवडण्यास पुरेसा अवधी मिळावा, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले. त्यानंतर जून २०२१ मध्ये हे पोर्टल हिंदी, मराठी व अन्य प्रादेशिक भाषांत उपलब्ध झाले. न्यायालयाने नोंदविलेल्या त्रुटी एका पोर्टलपुरत्या मर्यादित नाहीत. अनेक संकेतस्थळांवर त्या आजही आढळतात.

अर्ज भरताना येणारे अडथळे

सर्वाधिक तक्रारी अर्जाच्या पानांविषयी असतात. ‘माहिती अवैध आहे’ एवढाच संदेश झळकला तर वापरकर्त्याला काहीच बोध होत नाही. ‘पिनकोड सहा अंकी हवा, आपण पाच अंक भरले आहेत’ असा संदेश त्या रकान्याजवळच दिल्यास चूक तत्काळ सुधारता येते. एका चुकीपायी संपूर्ण अर्ज कोरा होऊ नये, भरलेली माहिती जपली जावी.

नावाचे रकाने ही खास भारतीय अडचण आहे. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग लिहितो, तर दक्षिणेत अनेकांना आडनावच नसते. आडनावाचा रकाना सक्तीचा केल्यास अशा व्यक्तीला तेथे काहीतरी खोटे भरावे लागते व पुढे कागदपत्रांशी नाव जुळत नाही. पूर्ण नावासाठी एकच रकाना ठेवणे किंवा आडनाव ऐच्छिक करणे, हा सोपा उपाय आहे. ‘९’ हा देवनागरी अंक भरल्यास अनेक अर्ज तो नाकारतात. वस्तुतः देवनागरी अंकांचे रूपांतर संगणक क्षणार्धात करू शकतो. छायाचित्र अमुक केबीपेक्षा लहान असावे ही अटदेखील नागरिकावर न लादता, अपलोड झालेले छायाचित्र संकेतस्थळालाच लहान करता येते.

वेळेची मर्यादा आणि कॅप्चा

सुरक्षेसाठी काही मिनिटांनी लॉगिन आपोआप संपुष्टात आणले जाते. परंतु कागदपत्रे शोधत अर्ज भरणाऱ्याला ही वेळ अपुरी पडते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या ‘डब्ल्यूसीएजी’ या सुगम्यता निकषांनुसार वेळ संपण्यापूर्वी सूचना द्यावी व एखादे बटण दाबून मुदत वाढविण्यासाठी किमान २० सेकंद मिळावेत. अर्ज अर्धवट जतन करण्याची सोय असल्यास हा प्रश्न बव्हंशी सुटतो.

वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याचा कॅप्चा वृद्ध व दृष्टिबाधितांना अडवतो. त्याला ध्वनीचा पर्याय द्यावा किंवा वापरकर्त्याला कोडे न घालता पडद्याआड संशयास्पद हालचाली ओळखणारी पद्धत योजावी. पासवर्ड ‘पेस्ट’ करण्यास मनाई केल्याने सुरक्षितता वाढत नाही. उलट लोक सोपे पासवर्ड निवडू लागतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये याची दखल घेण्यात आली आहे.

भाषा आणि लिपी

अनेक बहुभाषिक संकेतस्थळांवर केवळ मेन्यूचे भाषांतर असते, अर्ज व सूचना मात्र इंग्रजीत राहतात. भाषा बदलताच वापरकर्ता पुन्हा मुखपृष्ठावर फेकला जातो. भाषा बदलल्यावर तेच पान दिसावे आणि प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहिलेले असावे, एवढी काळजी घेतल्यास इंदूर, बडोदा किंवा बेळगाव येथील मराठी वाचकालाही आपली भाषा सहज सापडेल.

देवनागरीचा समावेश युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. तरीही जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये तयार केलेले मराठी दस्तऐवज अद्याप वापरात आहेत. तो मजकूर संगणकाच्या लेखी निराळीच चिन्हे असल्याने शोधयंत्राला सापडत नाही आणि दृष्टिबाधितांना मजकूर वाचून दाखविणाऱ्या स्क्रीन रीडरला उच्चारता येत नाही. स्कॅन करून पीडीएफ स्वरूपात ठेवलेल्या आदेशांचीही हीच गत होते, कारण संगणकासाठी ते केवळ चित्र असते. मजकूर युनिकोडमध्ये थेट पानावर देणे हा त्यावरील उपाय. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद त्याच्या संकेतावलीत केल्यास स्क्रीन रीडर योग्य उच्चार निवडू शकतो.

मोबाइलचा पडदा

देशातील असंख्य नागरिकांसाठी इंटरनेट म्हणजे मोबाइलच होय. संगणकाच्या रुंद पडद्यासाठी रचलेले पान तेथे आडवे सरकवत वाचावे लागते. मजकूर व पार्श्वभूमी यांच्या रंगांतील फरकाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असा डब्ल्यूसीएजीचा निकष आहे. फिकट करड्या रंगातील अक्षरे उन्हात दिसत नाहीत, हे लक्षात घेता त्याचे महत्त्व कळते. बटणाचा आकार किमान २४ × २४ पिक्सेल असावा, असे डब्ल्यूसीएजी २.२ सांगते. पानावरील मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, हा गूगलचा मापदंड आहे. मुखपृष्ठावरील अवजड छायाचित्रे व सरकत्या पट्ट्या कमी केल्यास मंद जोडणीवरही तो गाठणे सुकर होते.

हेतुपुरस्सर निर्माण केलेल्या अडचणी

सर्वच अडचणी अनवधानाने उद्भवत नाहीत. न मागितलेला विमा खरेदीच्या यादीत टाकणे, सदस्यत्व रद्द करण्याची वाट लपविणे किंवा ‘शेवटच्या दोनच वस्तू शिल्लक’ अशी खोटी घाई निर्माण करणे, या क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित करून अशा १३ प्रकारांना मनाई केली.

कायदा काय सांगतो

सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रथम जारी झाली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी तसेच खासगी सेवा पुरवठादारांनी आपल्या सेवा सुगम ठेवणे बंधनकारक आहे. डिजिटल केवायसीत डोळ्यांची उघडझाप करण्याची अट ॲसिड हल्ल्यातील पीडितांना व दृष्टिबाधितांना पाळता येत नसल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा अविभाज्य भाग असल्याचे त्यात स्पष्ट करण्यात आले आणि सुगम्यतेसाठी २० निर्देश देण्यात आले.

तपासणी कशी करावी

त्रुटी शोधण्यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नसते. पाच वापरकर्त्यांना प्रत्यक्ष काम करण्यास सांगून शांतपणे निरीक्षण केल्यास बहुतांश दोष उघड होतात, असे निल्सन यांचे प्रतिपादन आहे. त्या पाचांत एखादी वयोवृद्ध व्यक्ती, एखादा दृष्टिबाधित आणि केवळ मराठी वाचणारा कोणी असल्यास ही तपासणी अधिक अर्थपूर्ण ठरते. माउस बाजूला ठेवून फक्त कळफलकाने संपूर्ण अर्ज भरून पाहणे, एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर पान ऐकणे आणि साध्या मोबाइलवर ते उघडणे, या तीन चाचण्या कोणत्याही कार्यालयाला एका दिवसात करता येतात. नागरिकांनीही तक्रार करताना पानाचा पत्ता, वेळ, पडद्यावरील संदेश व त्याचे छायाचित्र सोबत जोडावे. अशी तक्रार ‘संकेतस्थळ चालत नाही’ या विधानापेक्षा लवकर मार्गी लागण्याची शक्यता असते आणि मुदत हुकल्यास प्रयत्न केल्याचा पुरावाही अर्जदाराच्या हाती राहतो.