जबलपूरची हाडे आणि फिरती भूमी

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी कडे डोळ्यांपुढे येतात. परंतु तेथून जवळच असलेल्या लमेटा घाटावरून ज्यांना नाव मिळाले, ते साधे, मातकट लमेटा खडक पाहावयास फारसे कोणी जात नाही. आजची कथा त्यांचीच आहे.

1828 साल. नागपूरकर भोसल्यांकडून हा मुलूख इंग्रजांच्या हाती जाऊन दहा-अकरा वर्षे झाली होती. ठगांच्या बंदोबस्तामुळे पुढे नावारूपास आलेले कॅप्टन स्लीमन यांना जबलपुरात दगड बनलेली काही हाडे सापडली. डॉ. स्पिल्सबरी यांच्यामार्फत ती कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेली. ब्राह्मी लिपी उलगडणारे प्रिन्सेप ते हेच. हाडे कोणत्या प्राण्याची, हे मात्र कोणासच सांगता येईना. ‘डायनोसॉर’ हा शब्दच मुळी 1842 मधला! अखेर 1877 मध्ये लिडेकर यांनी शेपटीच्या त्या मणक्यांवरून प्राण्याचे नाव ठेवले ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’. पुढे मॅटली यांनी येथील बडा शिमला टेकडी खणली आणि 1933 मध्ये फॉन ह्यूने यांच्यासह ‘इंडोसॉरस’ व ‘इंडोसुकस’ या मांसाहारी प्राण्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

या प्राण्यांचे जवळचे आप्त मादागास्करात आणि दूर अर्जेंटिनातही सापडले आहेत. मध्ये अथांग सागर असता हे गोत पसरले कसे? एडुआर्ड स्यूस यांनी 1885 मध्ये दक्षिणेकडील एका प्राचीन महाभूमीची कल्पना मांडली. तिचे काही भाग समुद्रात बुडाले, असे त्यांचे मत. या महाभूमीस ‘गोंडवन’ हे नाव लाभले ते गोंडांच्या प्रदेशावरून. आणि गोंड राजांचे गढा तर आज जबलपुरातच आहे. 1912 मध्ये वेगेनर म्हणाले, भूमी बुडाली नाही. ती दुभंगली आणि सरकली. त्यांना पुष्कळ विरोध झाला, पण मुख्य गोष्टीत तेच खरे ठरले. एकसंध भूमीवर या प्राण्यांचे पूर्वज पायांनीच पसरले. पुढे भूमीच त्यांच्या वंशजांना घेऊन दूर गेली. भारत मादागास्करपासून सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी सुटला; लमेटा खडकांतील हाडे त्यानंतर सुमारे दोन कोटी वर्षांनी तेथे पुरली गेली.

लिडेकर यांनी वर्णिलेले मूळ मणके पुढे कोठे गेले, याचा बराच काळ पत्ताच नव्हता. 2012 मध्ये त्यांपैकी एक कलकत्त्यास भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्याच संग्रहात मिळाला. शोधणाऱ्यांत धनंजय मोहबे हे होते. दप्तरात आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्यास यातील मर्म चटकन कळते. कोट्यवधी वर्षे खडकाने जे सांभाळले, ते दीडशे वर्षांत आपल्या हातून हरवू शकते. खंडांचे नाते सांगणारा पुरावा हाती येणे हे भाग्य. त्याची नोंद नीट ठेवणे हे मात्र आपले कर्तव्य होय.